बाटलीबरोबरचा निरोप

३ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार, आणि वहिनीलाही सांग. वसतिगृहाच्या गच्चीवर बसून लिहितो आहे. समोर दोरीवर सेहेचाळीस मोजे वाळत आहेत आणि ते वाळेपर्यंत मला हलता येत नाही. मागच्या शिबिरात एक मोजा वाऱ्याने गेला, तर साहेबांनी, म्हणजे आमच्या संघाच्या व्यवस्थापकांनी, तो असा शोधायला लावला की जणू आत कुणाचा पाय राहिला होता.

फोन केला असता. पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. मास्तरांनी शाळेत पत्र लिहायला शिकवलं ते मात्र अजून हाताला येतं.

तर बातमी अशी की आपली टिटवी देशाच्या फुटबॉल संघात आली. सतरा वर्षांखालच्या मुलींची तेवीस जणींची यादी काल लागली, तिचं नाव तेविसावं. शेवटचं का होईना, पण आहे. नाव बघून तिने अशी किंकाळी फोडली की स्वयंपाकघरातल्या बाई हातात झारा घेऊन पळत आल्या. पाळण्यात असताना तू हे नाव ठेवलंस ते उगाच नाही.

आता स्पर्धेचं सांगतो, म्हणजे दवाखान्यात चार लोकांना तुला सांगता येईल. ही मुख्य स्पर्धा नव्हे, तिथे जाण्यासाठीची पात्रता फेरी. आमच्या गटात चार देश. बाकी तिघींना आमच्या मुली कपड्यांच्या रंगावरून निळ्या, पिवळ्या आणि हिरव्या म्हणतात. प्रत्येकीशी एकेक सामना. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक, हरलं की काही नाही. चौघींतल्या पहिल्या दोघी पुढे. यंदा सामने आपल्याच देशात आहेत, म्हणून साहेबांची मान जरा जास्तच ताठ आहे.

पुढे गेलो तर तेवीसच्या तेवीस मुलींना फुटबॉल मंडळाच्या निवासी शाळेत चार वर्षं जागा. राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथेच. नाही गेलो तर संघ इथेच मोडेल आणि जी ती आपापल्या घरी. टिटवी हे दिवसातून तीनदा बोलून दाखवते. मी तिला म्हणतो, अगं, आधी बुटांना चिखल तर लागू दे.

माझंही एक आहे. बावीस वर्षं मी इथे हंगामी आहे. साहेब म्हणाले, यंदा तुझी कायम करायची फाईल वर पाठवली आहे. मी 'बरं साहेब' म्हणून कामाला लागलो. सकाळी सामानाची पेटी उघडण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटतो, तेव्हाही हे मागत नाही. मागितलं तर मग रोज तेच मागत बसेन.

तुला वाटतं मी इथे नुसते कपडे धुतो. तसं नाही. सामना चालू असताना सरांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, आखलेल्या चौकोनाबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात ओरडलेलं आत पोहोचत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. मी पाण्याची बाटली घेऊन रेषेपर्यंत जातो आणि बाटली हातात देताना सरांचा निरोप कानात देतो. मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की बाटलीबरोबर येईल तो शेवटचा शब्द. कर्णधार काही म्हणो, लोक काही ओरडोत, बाटलीच्या वर कुणी नाही. बावीस वर्षांत एकही निरोप चुकला नाही, दादा. एवढी एक गोष्ट माझ्या नावावर आहे.

इथे सगळ्याच पोरी मला काका म्हणतात, त्यामुळे आमचं नातं लपवावंही लागत नाही आणि मिरवावंही लागत नाही.

तुझा,
धाकटा


८ ऑक्टोबर

धाकट्या,

आशीर्वाद. पत्र मिळालं. वहिनीने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग तिसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. त्यात मोजे किती ते मात्र वगळलं.

दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "कंपाउंडर, तुमची मुलगी देशाकडून खेळणार आणि तुम्ही अजून खोकल्याचं औषध बाटलीत भरताय?" मी म्हटलं, मुलगी खेळली म्हणून लोकांचा खोकला थांबत नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी एका आजीबाईंना औषध देताना 'दिवसातून तीनदा' हे मी तीनदा सांगितलं.

एक गोष्ट तू तिला नीट समजाव. तिच्यात रग आहे. लहानपणी 'पायरीवर बस' म्हटलं की कठड्यावर बसायची. तिला म्हणावं, बाबांनी तीस वर्षं दवाखान्यात काढली ती एका नियमावर: चिठ्ठीवर लिहिलं असेल तेच द्यायचं, आणि तेवढंच. आपली अक्कल घालायची नाही. डॉक्टर चुकला तर तो डॉक्टरच्या माथी, कंपाउंडर चुकला तर माणूस जातो. सर सांगतील ते ऐकायचं. तेविसाव्या नंबरच्या मुलीला स्वतःचं मत नसतं.

तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. लोक म्हणतात वेळ आली तर टिटवीसुद्धा समुद्र आटवते. आटवू दे, पण सांगितलं असेल तेवढाच.

तुझी फाईल वर गेली हे वाचून बरं वाटलं. तू मागू नकोस, तुझ्या वाटणीचं मी मागतो. मला लाज नाही.

दादा


१४ ऑक्टोबर

दादा,

दोन सामने झाले. पहिल्यात हिरव्यांना दोन-एक असं हरवलं. दुसऱ्यात पिवळ्यांशी एक-एक बरोबरी. म्हणजे आपले चार गुण. निळ्यांनी पिवळ्यांना हरवलं आणि हिरव्यांशी बरोबरी केली, त्यांचेही चारच. पिवळ्या आणि हिरव्या एकेका गुणावर.

परवा आपला शेवटचा सामना निळ्यांशी आहे. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर पिवळ्या आणि हिरव्या. काल जेवणाच्या टेबलावर मुली काड्या मांडून हिशेब करत होत्या. आपली निळ्यांशी बरोबरी झाली की दोघींचे पाच-पाच. बाकीच्या दोघींनी डोकं आपटलं तरी त्या चाराच्या वर जात नाहीत. म्हणजे बरोबरीत आपण दोघीही पुढे. कुणी हरलं तर मात्र तिचं काही खरं नाही. हे सगळ्यांना कळतं. कळतं म्हणूनच कालपासून इथे कुणी मोठ्याने बोलत नाही.

टिटवी पिवळ्यांविरुद्ध शेवटची सहा मिनिटं खेळली. चेंडूला तिचा पाय चारदा लागला. मी मोजलं नाही, तिनेच सांगितलं, आणि सांगताना उघडलेलं पाचवं बोट तिने परत मिटलं, कारण तो चेंडू बाहेर गेला होता. तुझा निरोप तिला दिला. म्हणाली, "काका, बाबांना सांगा, मी चिठ्ठीवरचंच देते, फक्त जरा जोरात देते."

आज सकाळी उपाहारगृहात आपले साहेब आणि निळ्यांचे व्यवस्थापक एका टेबलावर बसले होते. दोघांत एक किटली. मी कप नेऊन ठेवले तेव्हा बोलणं हवेवर आलं, पाऊस येईल की नाही यावर. काही ठरलं असं मी म्हणत नाही. मी कप ठेवले, एवढंच. पण दुपारी बूट पुसत होतो तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "परवा कुणाला शूर व्हायचं नाहीये." मी 'हो सर' म्हटलं. कुणाला म्हणाले कोण जाणे. तिथे मी आणि सेहेचाळीस बूट होते.

तुमच्या दवाखान्यात टीव्ही आहे ना? दुपारी चारला लाव.

धाकटा


१७ ऑक्टोबर

धाकट्या,

कालपासून दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहितो.

डॉक्टरांनी बाहेरच्या बाकांवर सगळ्यांना जागा करून दिली. सत्तर मिनिटं दोन्हीकडच्या मुली चेंडू मागे, आणखी मागे. एक पेशंट म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, ह्यांना दोघींनाही अशक्तपणा दिसतो, काहीतरी द्या." सगळे हसले. मीही हसलो. आपली टिटवी आत आली, तेवीस नंबर पाठीवर, तेव्हा वहिनी उभी राहिली ती उभीच राहिली. आणि मग त्या निळ्या मुलीने आळसावून चेंडू मागे दिला, टिटवीने तो मध्येच उचलला आणि गोल. धाकट्या, मी आयुष्यात पहिल्यांदा औषधाची बाटली फोडली.

मग आमच्या लक्षात आलं की तिच्याजवळ कुणी गेलंच नाही. ती कोपऱ्यात हात वर करून उभी, आणि आपल्याच मुली कमरेवर हात ठेवून उभ्या. मला वाटलं गोल धरला नाही. पण धरला होता.

त्यानंतर निळ्या जाग्या झाल्यासारख्या खेळल्या आणि दोन गोल करून गेल्या. तिकडे पिवळ्या तीन गोलांनी जिंकल्या. त्यांचेही चार गुण, आपलेही चार, आणि गोलांच्या फरकाने त्या पुढे, आपण घरी. हे डॉक्टरांनी मला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कळलं.

आज पेपरात सरांचं वाक्य आहे: "एका खेळाडूने स्पष्ट सूचना पाळली नाही." नाव नाही. पण गोल एकीनेच केला.

मला सरळ सांग. कसली सूचना? बाटली तूच नेतोस. निरोप तिच्यापर्यंत पोहोचला होता की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिही.

दादा


२१ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. फोनला हात लावला नाही त्याबद्दल माफ कर. सामान परत जमा करायचं होतं. जर्सी मोजून घ्याव्या लागतात, एक कमी असली तर पावती अडते. मैदानावरचे झेंडेही माझ्याकडूनच काढून घेतले. यंदा गवत चांगलं होतं. दोन वर्षांपूर्वी याच मैदानावर खडे होते आणि मुलींचे गुडघे सोलायचे, ते आठवलं.

परवा मंडळाच्या कचेरीत चौकशी झाली. तिघे जण टेबलामागे, सर खिडकीशी, टिटवी समोर उभी आणि मी भिंतीलगत खुर्चीवर. साहेबांनी कागदावरून वाचलं: बदली खेळाडूला आत पाठवताना प्रशिक्षकांनी चेंडू ताब्यात ठेवून खेळ संथ करण्याची सूचना दिली होती. बरोबरीचं कुणी नाव काढलं नाही. ती सूचना म्हणजे एक साधं डावपेचाचं वाक्य होतं, तिथे तरी.

मग सूचना पोहोचली होती असं कागदावर आलं. टिटवीला विचारलं, "तुला मिळाली होती?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि 'हो' म्हणाली. स्वतःच म्हणाली, दादा. कुणी जबरदस्ती केली नाही. खाली सही केली. अक्षर तिचं चांगलं आहे.

मग काय लिहू. पोरगी आहे, पाय पुढे गेला. तिला फार बोलू नकोस. २३ तारखेच्या गाडीने येते आहे, स्टेशनवर कुणीतरी जा.

इकडे बरं आहे. सकाळी डोळे मिटतो पण दोन मिनिटं होत नाहीत, मध्येच कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं.

धाकटा


२७ ऑक्टोबर

धाकट्या,

मी हो किंवा नाही विचारलं होतं. तू गवताबद्दल लिहिलंस. पण उत्तर कळलं. पोरीला नाव ठेवायला तुझी जीभ रेटत नाही, म्हणून आडून लिहिलंस. तुझा स्वभाव मला शाळेपासून ठाऊक आहे. मास्तरांनी विचारलं 'काच कुणी फोडली', तर तू काचेचा रंग सांगायचास.

टिटवी आली. दवाखान्यात परवापर्यंत जे पाठ थोपटत होते तेच आता विचारतात, "काय कंपाउंडर, हातातोंडाशी आलेला घास पोरीने पाडला म्हणे?" बावीसच्या बावीस मुलींची शाळा हिच्यामुळे गेली. त्यातल्या एकीच्या आईने इथवर फोन केला. नंबर कुठून मिळाला कोण जाणे. ती शिव्या देत नव्हती, नुसती रडत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळाकडून कागद आला आहे. दोन वर्षं खेळायला बंदी. पालकाने माफीपत्र पाठवलं तर एक वर्ष. मजकूर त्यांनीच लिहून पाठवला होता, 'माझ्या मुलीने जाणूनबुजून सूचना मोडली', खाली फक्त सही. मी केली. एका वर्षानेही ती सतराच्या पुढे जाईल, म्हणजे हा संघ तिला कायमचा बंद. तरी केली. चूक असेल तर लिहून द्यावी.

सही करण्याआधी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, काकाने सांगितलेलं तू ऐकलं नाहीस? तर मान वर करून म्हणते, "काकांनी सांगितलं तेच केलं." धाकट्या, मी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. चूक एक वेळ सोडली असती, पण जो माणूस तिच्यासाठी भिंतीलगत बसून सगळं ऐकून घेतो, त्याच्यावरच उलटायचं?

बूट मी दवाखान्यातल्या रिकाम्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे.

तू होतास म्हणून खरं काय ते निदान कळलं. तुझे उपकार आहेत.

दादा


२ डिसेंबर

दादा,

महिनाभर तुझं पत्र पेटीत जर्सींच्या खाली ठेवलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य मला पाठ झालं आहे. आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून बसलो आहे.

तू विचारलं होतंस, हो की नाही. नाही. निरोप तिच्यापर्यंत पोहोचला नाही. मी दिलाच नाही.

सामन्याआधी सरांनी कपडे बदलायच्या खोलीत अकरा जणींना एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं. बदली मुलींना सांगितलं नाही. जितकी तोंडं कमी तितकं बरं, असं त्यांना वाटलं असेल. पासष्टाव्या मिनिटाला आपल्या एकीचा घोटा मुरगळला. सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "टिटवीला पाठवतोय. तिला सांग, चेंडू मागे फिरवत राहायचा. निळ्यांच्या गोलाकडे बघायचंसुद्धा नाही." मी म्हटलं, "सर, हे तुम्हीच सांगा." तर म्हणाले, "तू घरचा माणूस. तुझं ऐकेल. बाटली घे."

बाटली घेतली. रेषेपर्यंत तीस पावलं असतील. ती जागेवर उड्या मारत होती. मला बघून तिचा चेहरा असा झाला, जसा आपल्या वेळी निकालाच्या दिवशी पोरांचा व्हायचा. तिने बाटली घेतली आणि कान पुढे केला. आणि माझ्याने ते बोलवेना. देशाचे कपडे घालून उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या पोरीला 'खेळू नकोस' कसं सांगायचं? मी म्हटलं, "देवाचं नाव घे आणि तुझा खेळ खेळ."

त्या क्षणी मला फार बरं वाटलं, दादा. वाटलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं दिलं. परत येऊन बाकावर बसलो तेव्हा सरांनी विचारलं, "सांगितलंस?" मी मान हलवली. पहिलं खोटं तिथेच झालं, गोलाच्याही आधी. पुढची सगळी त्याच्यामागून आली, एकामागे एक, जशा शेळ्या कुंपणातून जातात.

चौकशीत मला विचारलं, "निरोप दिला होता का?" त्यांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि माझ्या फाईलीची निळी दोरी मला दिसत होती. माझी असेल, नसेलही. मी 'होय' म्हटलं. मला वाटलं पोरगी म्हणेल 'नाही', मग शब्दाला शब्द होईल, मग बघू. तर ती 'हो' म्हणाली. ती का म्हणाली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. गोंधळली असेल. की मला सांभाळलं तिने? हा विचार आला की मला जेवण जात नाही.

मी तिला बंडखोर केलं आणि मग आज्ञा मोडल्याबद्दल पकडूनही दिलं. देवाचं नाव घेऊन केलं हे सगळ्यात वाईट. माझ्यात धैर्य होतं म्हणून मी तसं म्हणालो नाही, हे आता कळतं. घाणेरडी गोष्ट माझ्या तोंडातून जायला नको होती, एवढंच. तोंड स्वच्छ राहिलं. निस्तरायला ती होतीच.

गेल्या सोमवारी कायम झाल्याचा कागद आला. साहेब म्हणाले, "चौकशीत तू नीट बोललास." तू माझ्या वाटणीचं मागितलं होतंस, ते मिळालं.

तू तिच्यावर हात उचललास तो माझ्यामुळे. ती खरं बोलत होती. हे पत्र तिला दाखवायचं की जाळायचं ते तू ठरव. मला काही ठरवता येत नाही हे तुला दिसलंच आहे.

धाकटा


१० डिसेंबर

काका,

बाबांनी तुमचं पत्र वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मग चपला घातल्या आणि दवाखान्यात गेले. रविवार होता, दवाखाना बंद असतो. दोन तासांनी परत आले तेव्हा हातात माझे बूट होते. त्यांना तेल लावलं होतं. कुठलं तेल ते विचारू नका, अजून औषधाचा वास येतो. आईने ते बघितलं आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. घासलेलीच परत घासत होती.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण आता वेगळ्या कारणाने. काल ताटात वाढता वाढता थांबले. म्हणाले, "चिठ्ठी बघितली, बाटली बघितली नाही." एवढंच.

तुम्हाला कळलं नाही ना, मी 'हो' का म्हणाले? सांगते.

मला निरोप मिळाला होता. सर तुम्हाला सांगत होते तेव्हा मी बाकाच्या मागेच होते, छपराच्या पत्र्याआड. नाडी तुटली होती, ती बांधत होते. 'गोलाकडे बघायचंसुद्धा नाही', सगळं ऐकलं. 'सर, हे तुम्हीच सांगा' तेसुद्धा. मग मी पळत रेषेवर गेले आणि तुमची वाट बघत उड्या मारल्या. माझा चेहरा निकालाच्या दिवसासारखा झाला असं तुम्ही लिहिलंत. तो निकालाचाच होता. काका काय म्हणतात याचा.

आणि तुम्ही म्हणालात, तुझा खेळ खेळ. मला वाटलं, काकांनी ठरवलं. पुढे जे होईल ते आम्हा दोघांचं. कर्णधार आतून 'हळू, हळू' ओरडत होती, पण तुम्हीच शिकवलंत ना, बाटलीच्या वर कुणी नाही? गोल झाल्यावर सगळ्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या तरी मला भीती वाटली नाही. मी बाकाकडे बघितलं. तुम्ही दोनदा टाळी वाजवलीत. मग खाली वाकून बाटल्या उचलायला लागलात. बाटल्या तेव्हा उचलायच्या नसतात, सामना संपल्यावर उचलतात. तेव्हाच मला थोडं कळायला हवं होतं.

चौकशीत तुम्ही 'होय' म्हणालात तेव्हा मला वाटलं, पुढे अजून काहीतरी बोलाल. 'होय, पण.' मी त्या 'पण'ची वाट बघत तुमच्याकडे बघत होते. खरंच, बराच वेळ बघत होते. तुम्ही टेबलावरच्या कागदांकडे बघत होतात. मग साहेबांनी मला विचारलं, आणि मी 'हो' म्हटलं, कारण ते खरं होतं. निरोप मला मिळाला होता. मी तुम्हाला सांभाळलं वगैरे काही नाही, काका. जेवत जा.

देवाचं नाव तुम्ही मला दिलंत आणि माझं नाव त्यांना. यातलं दुसरं मला जास्त दिवस पुरणार आहे.

बाकीच्या बावीस जणींपैकी एकीनेही मला पत्र लिहिलं नाही. त्यांचं मी समजू शकते. त्यांना वाटतं मला शूर व्हायचं होतं. मला फक्त दोघं व्हायचं होतं.

हे तुमचं पत्र परत पाठवते आहे, २ डिसेंबरचं. सोबत एक रिकामं पाकीट आहे. त्यावर मंडळाचा पत्ता बाबांनी लिहिला आहे, त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवरच्या मोठ्या अक्षरात, म्हणजे कुणाला वाचता येत नाही असं व्हायला नको. तिकीट मी लावलं आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. पत्र त्यात घालून टपालपेटीत टाकलंत तर तुमचा कायमचा कागद जाईल, ते मला माहीत आहे. बाबांनाही. बाबा म्हणाले, "आपण टाकूया." मी नको म्हटलं.

मी वाट बघणार नाही. वाट मी एकदा बघितली. पण पाठवायचं असेल तर तुम्हीच पाठवा. निरोप नेऊन देणं हे तुमचंच काम आहे.

टिटवी